बिनदातांचा शब्द

४ मार्च

वरची मायन्याची ओळ मोकळी सोडली आहे. तिथे काय लिहायचं या विचारात चहा थंड झाला, म्हणून शेवटी ठरवलं की ओळ राहू दे, मजकुराला लागू.

पत्र काल पोचलं. सहीच्या जागी नेहमीसारखं दाढेचं चित्र, दोन मुळांच्या. पण यावेळी दाढेला डोळे आणि मिशा नाहीत, तेव्हा मन थाऱ्यावर नाही हे समजलं. घरमालकाला महिनाअखेर घर रिकामं करून हवं आहे, हेही समजलं. आईला जाऊन दोन महिने होत नाहीत तोवर त्याला भिंती रंगवायची घाई. त्याला चार शब्द सुनावणारं पत्र मी लिहिणार होते, पण आई म्हणायची तसं, दगडावर डोकं आपटून दगडाला काय होतंय.

पुढे वृद्धाश्रमाबद्दल लिहिलंय ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. गरम पाणी हवं तेव्हा. दोन वेळचं जेवण. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांची कवळी सैल, म्हणजे हाताला काम. हे सगळं इतक्या खुशीत लिहिलंय, जणू सहलीला निघायचंय. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात बसतील असे दात घडवणाऱ्याने स्वतः खोटं हसू आणलं, तर ते मला ओळखू येणार नाही असं समजू नये. मी त्याच घरात वाढले आहे.

माझं म्हणणं एवढंच, की इथे यावं. खोल्या दोनच आहेत, पण आतल्या खोलीत खिडकीखाली टेबल मावतं आणि त्यावर घासायचं मशीन बसतं. मी माप घेतलंय. प्लास्टरचा धुरळा उडाला तर खालच्या मजल्यावरच्या आजी तक्रार करणार नाहीत, कारण त्यांची कवळी बोलताना खाली पडते आणि त्या गरजू आहेत. पाण्याची चिंता नाही, मी पाणीपुरवठा खात्यातच आहे. (हा विनोद आहे. पाणी सकाळी एकच तास येतं.)

हे फोनवर बोलता आलं असतं. पण त्या मशीनने कान असे बसलेत की मागच्या वेळी मी 'जेवण झालं का' विचारलं तर उत्तर आलं, 'हो, कवळीचं काम डॉक्टरांकडे पोचवलं.' तेव्हा पत्रच बरं.

सबब, इकडे राहायला येण्याबाबत विचार व्हावा, ही विनंती.

आता वाचून बघितलं तर हे शेवटचं वाक्य माझं नाही, खात्याचं आहे. दिवसभर मसुदे लिहून हाताला तेच वळण पडलंय. तरी राहू दे. तब्येत जपावी. गोळ्या चुकवू नयेत.

मी

१३ मार्च

ओळ याही वेळी मोकळीच आहे.

उत्तरात जे विचारलंय त्याने माझी दांडीच उडाली. ते इथे उतरवून काढते, म्हणजे मलाही नीट वाचता येईल: 'बाईसाहेब, तू बोलावलंस यातच पोट भरलं. पण कोण म्हणून येऊ? तुझी आई होती तोवर तिचा नवरा म्हणून तुझ्याकडे चार दिवस राहून जायला संकोच नव्हता. आता तुझ्या दारावर कुणी विचारलं, हे कोण, तर काय सांगशील? तुला अडचणीत टाकायचं नाही. म्हणून आश्रमच बरा. त्यांना महिना संपायच्या आत होकार कळवायचा आहे.'

माझ्याकडे उत्तर नाही. उत्तर नाही म्हणूनच वरची ओळ मोकळी आहे, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. मी तिसरीत असताना आईचं दुसरं लग्न झालं, आणि तेव्हापासून आजपर्यंत मी एकदाही हाक मारलेली नाही. काका नाही, बाबा नाही, साधं अहोसुद्धा नाही. आणि मराठीत हे किती सहज जमून जातं! 'जेवायला वाढलंय.' 'चहा ठेवू का?' 'दार लावून घ्यायचंय.' ना तू, ना तुम्ही. अगदीच अडलं तर मध्ये आई होती. एका खोलीत तीन माणसं, आणि मी म्हणायचे, 'आई, विचार ना, भाजी हवी का.' आई म्हणायची, 'ती विचारतेय, भाजी हवी का.' उत्तर यायचं, 'सांग तिला, थोडी.' आई म्हणजे आमचं टपाल खातं होतं. ते बंद पडलं तेव्हा ही खऱ्या टपालाची वेळ आली.

काल गुरुवार होता. इथल्या चर्चच्या मंडळीतले आम्ही सात-आठजण गुरुवारी संध्याकाळी बाईंच्या घरी प्रार्थनेला जमतो. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या. जन्मभर मुलांना व्याकरण शिकवलं, आता आम्हाला सोडत नाहीत. प्रत्येकाने आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायची असते. माझी पाळी आली तेव्हा मी नेहमीसारखी केली: आजारी आहेत त्यांना आराम मिळावा, दुःखात आहेत त्यांचं सांत्वन व्हावं, घराचा प्रश्न सुटावा, आमेन. नंतर मी स्वयंपाकघरात कप मांडत होते तर चहा गाळता गाळता बाई म्हणाल्या, "काय गं, तू मघाशी प्रार्थना केलीस की अर्ज?"

"का? काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. आराम मिळावा म्हणालीस. कोणी द्यावा? सांत्वन व्हावं. कोणी करावं? अख्ख्या प्रार्थनेत कर्ता नाही. आणि ज्याच्याशी बोलतेस त्याला एकदासुद्धा हाक नाही. वर्गात असतीस तर पाचपैकी दोन दिले असते."

"दोन कशाचे?"

"स्पष्ट उच्चारांचे."

मी हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळे 'बापा' म्हणून सुरुवात करतात. तू त्या शब्दाला वळसा घालून जातेस, रस्त्यात खड्डा असल्यासारखी. किती दिवस बघतेय."

आता खरं सांगायचं तर मला 'बाप रे!' म्हणताना कधी अडचण येत नाही. 'तुझ्या बापाचं काय जातंय' हेही मी खात्यात रोज कोणाला तरी मनातल्या मनात म्हणते. पण देवापुढे डोळे मिटून 'बापा' म्हणायचं झालं की जीभ टाळूला चिकटते. पाळकसाहेब एका रविवारी उपदेशात म्हणाले, देवाचं प्रेम समजायचं तर आपापल्या वडिलांना डोळ्यांसमोर आणा. मी आणले. मला पाठ दिसली. स्वर्गात राहणाऱ्या बापाचं मला काय नवल? माझा पृथ्वीवरचा बापही पत्ता न देताच गेला होता.

ते कसं घडलं हे आईने सांगितलं असेलच, पण एक गोष्ट तिलाही माहीत नव्हती. मी दुसरीत होते. त्याने बॅग उचलली, चपला घातल्या आणि मला म्हणाला, 'येतो गं.' आपल्यात निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, हे मोठ्यांना ठाऊक असतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ते खरं धरून बसले. 'बाबा' हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवला, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तसा. मग दुसरं कोणी शेजारी येऊन उभं राहिलं तरी मी आपली म्हणणार, इथे माणूस येतोय.

आणि देवाशीही माझं तेच चाललंय. मिळावं, व्हावं, सुटावं. तो ऐकत असला तर ठीक. निघून गेला असला तर माझं काही अडत नाही, मी कोणाला हाक मारलेलीच नाही.

हे सगळं लिहून प्रश्नाचं उत्तर मात्र झालं नाही. कळतंय मला. पण होकार इतक्यात कळवला जाऊ नये.

मी

२० मार्च

आज 'तुम्ही' लिहायचं ठरवलंय. एवढं तरी. लिहिताना तुमच्या अंगावर कोणाचा तरी मोठा कोट चढवल्यासारखं वाटतंय, पण वाटू दे.

काल बाईंना मी सगळं सांगितलं. तो गेला ते, तुम्ही आलात ते, आणि तुम्ही विचारलेला प्रश्न. त्या वाटाणे सोलत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू उलट्या बाजूने सुरुवात केलीस. वडिलांवरून देव ओळखायला गेलीस, आणि वडील निघाले पळपुटे. मग देवही पळपुटा."

"मग काय करू?"

"देव कसा वागतो ते आधी बघ की. हाक मारली नाही तरी ऐकतो. रुसून बसलेल्याच्याही पानात वाढतो. असं तुझ्या घरात कोणी वागत होतं का?"

मी म्हटलं, "नाही." तोंडाने म्हटलं. मग बसमध्ये कंडक्टरने 'कुठे' विचारलं आणि मला रडूच फुटलं. त्याने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तो वैतागला, आणि एका बाईने मला रुमाल दिला. म्हणजे बघा काय अवस्था.

आपल्या दाराच्या मागे एक खिळा होता. तुम्ही आलात तेव्हा कपाटात जागा मागितली नाहीत. सदरा त्या खिळ्याला. कितीतरी महिने. आई म्हणायची, ठेवा की कपाटात, आणि तुम्ही म्हणायचात, 'बाईसाहेब सांगतील तेव्हा.' मी काही सांगितलं नाही, पण एक दिवस माझे फ्रॉक एका कडेला सरकवून ठेवले. दुसऱ्या दिवशी सदरा आत होता.

आणखी एक. तुम्ही घरातून निघताना कधीच 'येतो' म्हणाला नाहीत. शेजारच्यांकडून निघताना म्हणायचात, दुकानातून निघताना म्हणायचात, पण आपल्या दारातून निघताना नाही. 'सहाला घरी,' असं म्हणायचात. आणि सहाला घरी. एकदा पावणेसात झाले तर तुम्ही धापा टाकत आलात, हातात तुटलेली चप्पल. आई म्हणाली, 'एवढं धावायचं काय नडलं होतं?' तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि पाय धुवायला गेलात. मी तर तुम्हाला त्या 'येतो'बद्दल काहीच सांगितलं नव्हतं. कसं कळलं होतं तुम्हाला?

आणि तो दात. आठवतोय? शाळेच्या कार्यक्रमाला मला एकटीने गाणं म्हणायचं होतं आणि आदल्या आठवड्यात मी शिडीवरून पडले, समोरचा दात गेला. मी रडून घर डोक्यावर घेतलं. तुम्ही मला त्या रविवारी तुमच्या कामाच्या खोलीत नेलंत. फळीवर ओळीने ठेवलेल्या कवळ्या, सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. तुम्ही गुलाबी पट्टीवर एक एवढासा दात बसवला आणि घासत बसलात. घालून बघायचं, काढायचं, घासायचं, परत घालायचं.

"म्हणा बघू बाईसाहेब, सहासष्ट."

"थहाथष्ट."

परत घासला. "सदुसष्ट?"

"थदुथष्ट."

मला रडू यायला लागलं. तेव्हा मला हसवायला म्हणून तुम्ही म्हणालात, "एक गंमत सांगू? एक शब्द असा आहे, त्याला दातच लागत नाहीत. तान्ह्या बाळाला येतो आणि बोळक्या म्हाताऱ्यालाही येतो. नुसते ओठ मिटायचे नि उघडायचे. बाबा." आणि म्हणून झाल्यावर तुमचा चेहरा एकदम पडला. हातातला दात खाली पडला, तो शोधायला तुम्ही टेबलाखाली गेलात आणि तिथूनच घाईघाईने म्हणालात, "मामासुद्धा येतो. पापा. बंब. बरेच आहेत तसे."

मी म्हटलं, "मामा."

"शाब्बास," तुम्ही टेबलाखालून म्हणालात.

इतकी वर्षं मला ही दाताची गोष्ट म्हणून आठवत होती. काल बसमध्ये पहिल्यांदा कळलं की तुम्ही टेबलाखाली इतका वेळ का होतात.

या. तुम्ही इथे या. 'यावं' नाही, 'विचार व्हावा' नाही. मी सांगतेय आणि तुम्हाला सांगतेय. आश्रमाला नाही म्हणून कळवा.

मी

२४ मार्च

तुमचं पत्र आज आलं. म्हणजे माझं पोचलं त्याच दिवशी लिहून टाकलंत. 'होकार कळवला आहे. पहिल्या तारखेला खाट मिळते. तू एवढं लिहिलंस, माझं सोनं झालं. पण बाईसाहेब, कुणाला दया आली म्हणून त्याच्या घरात जाऊन राहू नये. तू मनाने हळवी, आई गेल्यामुळे आणखी हळवी झाली असशील. वर्षभराने तुझंच तुला जड होईल. मामा म्हणालीस ते बरंच झालं होतं. मी घाबरलो होतो.'

दया! मला दया आली असं वाटलं तुम्हाला? खात्यात विचारा कोणालाही, मी दयाळू म्हणून प्रसिद्ध आहे का ते. मला राग आलाय. इथे कागदाला जे भोक पडलंय ते पेनाचं आहे. आज याहून जास्त लिहवत नाही.

२७ मार्च

बाबा,

हा शब्द लिहून मी उठले, पाणी प्यायले, गॅलरीत जाऊन आले आणि परत बसले. अजून तिथेच आहे. खोडलेला नाही.

तुम्हीच, म्हणजे तूच, नवी कवळी घालणाऱ्यांना सांगायचास, की पहिले काही दिवस ती परकी वाटणार, तोंडात दगड धरल्यासारखं होणार, पण काढून ठेवू नका, घालून बोलत राहा. तसंच समजून पुढे लिहिते. 'तू' म्हणतेय. काल देवाला म्हटलं, मग तुला न म्हणून कसं चालेल?

झालं असं. काल मी बाईंकडे गेले तीच रागात. पाळकसाहेबही आले होते. माझी पाळी आली. मी सुरू केलं, सर्वांना सुख मिळावं, आजाऱ्यांना आराम मिळावा, आणि पुढचं 'मिळावं' तोंडातून निघेना. काय मिळावं? कोणी द्यावं? सगळे डोळे मिटून बसलेले. आणि मी एकदम म्हटलं, "तू ऐकतोयस का?"

मोठ्याने म्हटलं. खुर्ची करकरली कोणाची तरी.

"ऐकत असशील तर सांगते. माझी आई नेलीस, मी काही बोलले नाही. आता हा एक माणूस उरलाय तर त्यालाही तिकडे पाठवतोयस. त्याला वाटतंय मला दया आली. मला दया नाही आलेली, मला भीती वाटतेय. घरी गेलं की मला कोणी नाही. मी डब्यातला ब्रेड खाऊन झोपते आणि सगळ्यांना सांगते मी मजेत आहे. त्याची मी सोय नाही करत, तो मला हवाय. त्याला इकडे आण. बाबा, ऐक ना."

बाबा म्हटलं मी. मंडळीत देवाला बापा म्हणतात, पित्या म्हणतात, प्रभू म्हणतात. बाबा कोणी म्हणत नाही, तो घरातला शब्द. तो राखून ठेवलेला शब्द, ज्याच्यासाठी ठेवला तो कधी आलाच नाही, आणि भांडता भांडता माझ्याही नकळत तो देवाला देऊन बसले. पाळकसाहेब खाकरले. डोळे कोणीच उघडले नाहीत, पण कान सगळ्यांचे उघडे होते.

आणि बाबा, तो शब्द तोंडातून गेला तेव्हा मला पाठ दिसली नाही. पाळकसाहेबांनी सांगितल्यापासून दर वेळी दिसायची ती पाठ कुठेच नव्हती. मला टेबलाखालून वर येणारा एक चेहरा दिसला, प्लास्टरने भुवया पांढऱ्या झालेला. मी कोणाला हाक मारली, देवाला की तुला, मला खरंच सांगता येणार नाही. एवढं कळलं की कोणीतरी ओ दिली. आणि ती काही पहिली ओ नव्हती. मी हाक मारत नव्हते तेव्हापासून ती येतच होती. माझ्या बिनकर्त्याच्या सगळ्या वाक्यांना कोणीतरी उत्तर देत होतं, 'सांग तिला, थोडी' म्हणून, आणि कधी रागावलं नाही की मला थेट का विचारत नाहीस.

मी आजवर समजत होते की देव गेलेल्या बापासारखा आहे. तो आलेल्या बापासारखा आहे. आपण होऊन दुसऱ्याच्या घरात आला, दाराच्या मागे सदरा अडकवला, आणि पोरीने जागा करून द्यायची वाट बघत राहिला. एवढी साधी गोष्ट मला कळायला हे वय यावं लागलं. मी रडले, हे सांगायला नकोच. भरपूर रडले. बरं वाटलं.

बाईंनी नंतर चहा दिला आणि म्हणाल्या, "आज कर्ता, क्रियापद, संबोधन, सगळं आलं. पाचपैकी साडेचार."

"अर्धा कुठे गेला?"

"ते 'ऐक ना' म्हणालीस. तो 'ना' हट्टाचा आहे."

"देवाशी हट्ट चालत नाही का?"

"चालतो. पण मार्क कापायची मला सवय आहे." मग कप धुताना म्हणाल्या, "बापाशी करायचा नाही तर कोणाशी करायचा? आता दुसऱ्यापाशीही कर जा."

तर दुसऱ्यापाशी करते. तुझा प्रश्न होता, कोण म्हणून येऊ. दारावर कोणी विचारलं तर मी सांगणार, माझा बाबा आलाय. 'आलेत' नाही. आलाय. खालच्या आजींना मी हे आज सकाळी सांगून ठेवलंसुद्धा, म्हणजे आता माघार घेतली तर माझी जिन्यात शोभा होईल. त्या म्हणाल्या, "बाबा कधी येतायत?" कवळी हातात होती त्यांच्या, पण शब्द स्वच्छ आला.

खरं तर मी तुला न्यायलाच येणार होते. दोनदा बॅग भरली. पण आणलेलं माणूस पाहुणा असतो, बाबा, आणि मला पाहुणा नकोय. तू मागे एकदा आपण होऊन आलास, तेव्हा तुला कोणी ये म्हटलं नव्हतं. निदान मी तरी नव्हतं म्हटलं. तुला बिनबोलावता यावं लागलं आणि बिनहाकेचं राहावं लागलं. या वेळी तसं नको. या वेळी तुला बोलावलेलं आहे, नावाने नाही तर नात्याने, आणि बोलावणारी मी आहे.

आश्रमवाल्यांना कळव, खाट दुसऱ्याला द्या, मी मुलीकडे राहायला चाललो. त्या सैल कवळीवाल्या गृहस्थांना इकडचा पत्ता दे, वाटलं तर ते इथे येऊन दुरुस्त करून घेतील. आईचा फोटो हातातल्या पिशवीत घे, सामानात टाकू नकोस, काच फुटते. मशीन जड आहे, ते उचलायच्या भानगडीत पडू नकोस. साचे, फळ्या, मशीन, सगळं मागून ट्रकने येईल. त्याची वाट बघत बसू नकोस. सामानाचं सामान बघून घेईल.

तू आधी ये.

तुझी
मुलगी